यायचे बंद झालेल्या रुग्णांचं काय करायचं? (रिग्रेशन आणि सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस शिकताना)

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

मी डॉक्टर आहे. गणिताशी शेवटची गाठ बारावीत पडली, तीही फारशी प्रेमाची नव्हती. आता प्रबंधासाठी डायलिसिस सुरू झालेल्या १४० रुग्णांची माहिती गोळा केली आहे. हातात फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेली धमनी आणि शीर) केलेले रुग्ण कॅथेटरवरच (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवरच) राहिलेल्यांपेक्षा जास्त जगतात का, हा प्रश्न. ३८ मृत्यू झाले. २९ जण मध्येच यायचे बंद झाले. ते मी मास्टर चार्टमधून काढून टाकले आणि उरलेल्यांवर 'मृत/जिवंत' असं लॉजिस्टिक रिग्रेशन (हो/नाही अशा उत्तराचा बाकी गोष्टींशी संबंध मोजायची पद्धत) चालवलं. वय, लिंग, मधुमेह, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन वगैरे धरून एकूण ११ चल (व्हेरिएबल्स) घातले. उत्तर छान आलं, फिस्टुलावाले जिंकले. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "ते २९ कुठे गेले?" मला उत्तर देता आलं नाही.

सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस (घटना घडेपर्यंतच्या काळाचं विश्लेषण) शिक असं सगळे सांगतात. पण सुरुवात कुठून करायची? आधी रिग्रेशन पक्कं करू की थेट कॉक्सवर (सर्व्हायव्हलमधल्या नेहमीच्या रिग्रेशनवर) उडी मारू? सूत्रं बघितली की झोप येते, आणि मुळात माझी झोप कमी आहे.

शेषवर्ग

गाईडना माझा नमस्कार सांगा. प्रश्न अगदी बरोबर जागी लागला आहे.

तुमच्या संख्यांपैकी महत्त्वाची १४० नाही, ३८ आहे. या प्रकारात माहिती घटनांमधून (इथे मृत्यूंमधून) येते, डोक्यांमधून नाही. दर चलामागे निदान १० घटना असाव्यात असा एक ढोबळ आडाखा १९९६ पासून चालत आला आहे. त्यावर टीका भरपूर झाली आहे, तो काही वेदवाक्य नाही. पण ३८ मृत्यूंवर ११ चल म्हणजे पोत्यापेक्षा शिलाई जास्त. तीन-चार चल निवडा, आणि निवड आकडे पाहण्याआधी करा, नंतर नको.

लॉजिस्टिकची अडचण वेगळीच आहे. एक रुग्ण तुम्ही तीन महिने पाहिला, दुसरा तीन वर्षं. दोघेही 'जिवंत' या एकाच रकान्यात. तीन वर्षं जगून दाखवलेल्याने जास्त काही सिद्ध केलं की नाही? लॉजिस्टिकला ते दिसतच नाही. सगळ्यांवर सारखाच काळ लक्ष ठेवलं असेल तिथे ते चालतं, उदा. ३० दिवसांतले मृत्यू.

बाह्यरुग्ण

मी यातला नाही, पण वाचायला बसलोय. एक बाळबोध शंका. जो माणूस यायचाच बंद झाला, त्याचं पुढे काय झालं ते माहीत नाही. मग त्याला मोजायचं कसं? आणि नाही मोजला तर बिघडलं कुठे?

खडूफळा

बाह्यरुग्ण, शंका बाळबोध नाही, सगळा विषय याच शंकेतून उभा राहिला आहे. रापा (रात्रपाळी), तुम्हीही कागद-पेन घ्या. सॉफ्टवेअर उघडू नका. मी वर्गात हे गेली कित्येक वर्षं एकाच उदाहरणावर शिकवते.

१९६३ साली छापून आलेली ल्युकेमियाची एक चाचणी आहे. आजार ओसरलेल्या रुग्णांपैकी २१ जणांना ६-एमपी हे औषध दिलं, २१ जणांना प्लासिबो, म्हणजे नुसतं दिखाऊ औषध. आजार परत उलटेपर्यंत किती आठवडे गेले ते मोजलं. प्लासिबो गटात सगळ्या २१ जणांचा आजार उलटला. औषधाच्या गटात फक्त ९ जणांचा, तो ६, ६, ६, ७, १०, १३, १६, २२ आणि २३ व्या आठवड्यात. उरलेल्या १२ जणांवरचं लक्ष ६, ९, १०, ११, १७, १९, २०, २५, ३२, ३२, ३४ आणि ३५ आठवड्यांपर्यंतच होतं, आणि तोवर आजार उलटलेला नव्हता. हे १२ म्हणजे 'सेन्सॉर्ड'.

आता रापांनी केलं तसं करू आणि १२ जणांना काढून टाकू. उरलेल्या नऊ जणांचा मध्य (सरासरी) येतो १२.१ आठवडे. प्लासिबोचा मध्य ८.७. म्हणजे औषध जेमतेम साडेतीन आठवड्यांचा फरक पाडतं असं दिसतं. पण आपण नेमकं कोणाला फेकलं? ज्यांचा आजार ३५ आठवडे उलटला नाही त्यांना! औषधाचं सगळ्यात मोठं यश आपणच केराच्या टोपलीत टाकलं.

दुसरी चूक याच्या उलट. लक्ष संपलं त्याच दिवशी आजार उलटला असं धरायचं. मध्य येतो १७.१. हेही खोटंच, कारण त्या माणसांचे पुढचे चांगले आठवडे आपण नाकारले.

कॅप्लान-मायर (वाचण्याचं प्रमाण पायरी-पायरीने काढायची रीत) काय करतं? प्रत्येक घटनेपाशी थांबून विचारतं: या क्षणी रिंगणात किती जण उभे आहेत, आणि त्यांतले किती पडले? सहाव्या आठवड्यात रिंगणात २१, पडले ३. वाचण्याचं प्रमाण १८/२१ = ०.८५७. याच आठवड्यात एक जण लक्षाबाहेर गेला, म्हणून सातव्या आठवड्यात रिंगणात १७. एक पडला, १६/१७. आधीच्या आकड्याला गुणा: ०.८०७. नवव्या आठवड्यात कोणी पडलं नाही, फक्त एक जण बाहेर गेला, म्हणून या प्रमाणाची रेषा जागची हलत नाही. पण दहाव्या आठवड्यात छेदात १५ येतात. १४/१५ ने गुणा: ०.७५३. मग १३ व्या आठवड्यात ०.६९०, १६ व्यात ०.६२७, २२ व्यात ०.५३८, २३ व्यात ०.४४८. रेषा निम्म्याच्या खाली पहिल्यांदा २३ व्या आठवड्यात गेली, म्हणून मध्यक २३ आठवडे. प्लासिबोचा मध्यक ८.

१२.१ विरुद्ध ८.७ कुठे आणि २३ विरुद्ध ८ कुठे!

बाह्यरुग्ण, तुमचं उत्तर यातच आहे. निघून गेलेला माणूस जोवर होता तोवर छेदात उभा राहतो. त्याने जेवढी साक्ष दिली तेवढी घ्यायची. त्याच्या तोंडी नसलेली साक्ष घालायची नाही, आणि दिलेली पुसायची नाही.

बाह्यरुग्ण

खडूफळा बाई, दंडवत! वाखुसा (वाचनखूण साठवली). सातव्या आठवड्याचा गुणाकार स्वतः करून पाहिला, जमला.

पण एक शंका उरतेच. जो यायचा बंद झाला तो बरा वाटतंय म्हणून बंद झाला असेल, किंवा उठवतच नाही म्हणून. तुमचा गुणाकार तर दोघांना सारखंच वागवतो?

खडूफळा

बरोब्बर पकडलंत. गुणाकार असं गृहीत धरतो की निघून गेलेल्यांचं पुढचं नशीब रिंगणात राहिलेल्यांसारखंच आहे. अभ्यासाची मुदत संपली म्हणून थांबलेल्यांच्या बाबतीत हे पटण्यासारखं असतं. यायचं बंद केलेल्यांच्या बाबतीत नसतं. आणि हे आकड्यांतून तपासता येत नाही, चौकशीच करावी लागते. रापा, त्या २९ जणांना फोन लावा. ते २९ जण शेवटच्या भेटीला कसे होते याचा वेगळा तक्ता करून राहिलेल्यांच्या तक्त्याशेजारी ठेवा.

अर्धविराम

वरचे प्रतिसाद उत्तम, पण कधीतरी यंत्र उघडावंच लागेल. 'आर' हा संख्याशास्त्राचा प्रोग्राम फुकट आहे आणि त्यातलं 'सर्व्हायव्हल' नावाचं पॅकेज या कामात मुरलेलं आहे. त्यासोबत 'लंग' नावाची माहिती येते: पुढच्या टप्प्यातल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचे २२८ रुग्ण, १६५ मृत्यू. स्वतःच्या माहितीला हात लावण्याआधी यावर हात बसवा.

एक सापळा सांगून ठेवतो, मी स्वतः त्यात पडलो आहे. इथे स्थितीचा रकाना १ आणि २ असा आहे. १ म्हणजे सेन्सॉर्ड, २ म्हणजे मृत. बहुतेक ठिकाणी ० आणि १ असतं. हे न पाहता दुसऱ्या प्रोग्रामात माहिती नेली आणि जिवंत-मृत यांची अदलाबदल केली. दोन दिवस एका 'क्रांतिकारक' निष्कर्षावर खुश होतो.

सगळे मिळून मध्यक ३१० दिवस येतो. पुरुषांचा २७०, स्त्रियांचा ४२६. कॉक्समध्ये फक्त लिंग घातलं तर हॅझार्ड रेशो ०.५९, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा असू शकेल तो पट्टा) ०.४२ ते ०.८२. म्हणजे स्त्रिया ४१% जास्त जगतात.

शेषवर्ग

अर्धविराम, शेवटचं वाक्य मागे घ्या.

०.५९ म्हणजे कोणत्याही दिवशी, त्या दिवसापर्यंत जिवंत असलेल्यांमध्ये, स्त्रियांचा मृत्यूचा त्या क्षणीचा दर पुरुषांच्या दराच्या ५९% आहे. हे दरांचं गुणोत्तर आहे, आयुष्याचं नाही. आयुष्याबद्दल बोलायचं तर तुम्हीच दिलेले मध्यक पाहा: २७० आणि ४२६, म्हणजे जवळजवळ ५८% जास्त. ४१% कुठून आलं?

अर्धविराम

मागे घेतलं. आणि मी हे एका सादरीकरणात मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ते आता आठवून पोटात गोळा आलाय.

शेषवर्ग

छापील शोधनिबंधांतही सापडतं, एकटे वाटून घेऊ नका.

रापा, कॉक्सचं सूत्र पाहून झोप येते म्हणालात, म्हणून सूत्राशिवाय सांगतो. १९७२ चा तो निबंध एका युक्तीवर उभा आहे. दर मृत्यूच्या दिवशी एक सोडत निघते असं समजा. त्या दिवशी जिवंत आणि नजरेखाली असलेले सगळे रुग्ण सोडतीत. चिठ्ठी एकाची निघते. प्रश्न एवढाच, की त्याचीच का निघाली? वय जास्त म्हणून त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त होत्या का? मधुमेह म्हणून? तुमच्या ३८ मृत्यूंच्या ३८ सोडती. निघालेल्या नावांशी सर्वांत जास्त जुळणारी चिठ्ठ्यांची वाटणी कॉक्स शोधून काढतो. सोडत कितव्या दिवशी निघाली, दोन सोडतींत किती अंतर होतं, हे तो पाहत नाही. फक्त क्रम पाहतो. म्हणून मृत्यूदर काळानुसार कसा चढतो-उतरतो हे ठरवायची त्याला गरजच पडत नाही.

किंमत एकच. दोन गटांतलं चिठ्ठ्यांचं गुणोत्तर पहिल्या सोडतीपासून शेवटच्या सोडतीपर्यंत तेच राहिलं पाहिजे. हे प्रपोर्शनल हॅझार्ड्स. ते मोडलं की काय होतं याचा नमुना म्हणजे २००९ ची आयपास चाचणी. फुफ्फुसाचा कर्करोग, एका बाजूला जेफिटिनिब, दुसरीकडे केमोथेरपी. आजार न वाढता गेलेल्या काळाचा मध्यक ५.७ महिने विरुद्ध ५.८, म्हणजे फरक नाहीच. वर्षभरात आजार न वाढलेले २४.९% विरुद्ध ६.७%, म्हणजे प्रचंड फरक. आणि हॅझार्ड रेशो ०.७४. आलेख काढला तर रेषा एकमेकींना छेदतात. आधी केमो वर, मग जेफिटिनिब वर. कारण आत दोन वेगळे आजार मिसळले होते. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्यांत रेशो ०.४८, नसलेल्यांत २.८५. एका गटाला औषध तारत होतं, दुसऱ्याला नुकसान करत होतं, आणि ०.७४ या आकड्याने दोघांची सरासरी काढून ठेवली. अशी सरासरी कुठल्याच रुग्णाची नसते.

म्हणून कॉक्सनंतर, गुणोत्तर टिकतं का हे दाखवणारे शोनफेल्ड रेसिड्युअल्स पाहा ('आर'मध्ये 'कॉक्स झेडपीएच'), पण त्याहून आधी रेषा काढून डोळ्यांनी पाहा.

कुंपणावरची

रापांचा पहिला प्रश्न सगळे विसरले. आधी रिग्रेशन की थेट सर्व्हायव्हल?

माझं मत: आधी साधं लिनिअर रिग्रेशन, महिनाभर. ते तुमच्या कामाचं आहे म्हणून नाही. 'बाकी चल स्थिर धरून' या चार शब्दांचा अर्थ तिथेच कळतो म्हणून. तो कळला नाही तर लॉजिस्टिक आणि कॉक्स दोन्ही जपमाळ होतात. वय सलग ठेवावं की साठच्या वर-खाली तोडावं, हा प्रश्नही तिथेच सुटतो. (सलग ठेवावं. मध्यकापाशी तोडणं म्हणजे साधारण एक तृतीयांश रुग्ण फेकून देण्याइतकी माहिती घालवणं. आणि साठ वर्षं एक दिवसाचा माणूस एकोणसाठवाल्याहून वेगळ्या जातीचा नसतो.)

लॉजिस्टिकमधून येणाऱ्या ऑड्स रेशोबद्दलही एक (ऑड्स म्हणजे घडलेले भागिले न घडलेले). १०० पैकी ६० आणि १०० पैकी ४०: जोखमीचं गुणोत्तर १.५, ऑड्स रेशो २.२५. घटना दुर्मीळ असेल तर दोन्ही जवळ येतात, नसेल तर असे फाकतात. '२.२५ पट जोखीम' असं लिहिलेले प्रबंध मी तपासले आहेत, पेन लाल करून करून थकले.

अजून एक सवय मोडा. मुख्य प्रश्न फिस्टुलाचा आहे ना? मग वय, मधुमेह, अल्ब्युमिन हे त्याच मॉडेलमध्ये बसलेले सोबती. त्यांचे आकडे स्वतंत्र निष्कर्ष म्हणून वाचू नका. फिस्टुलासाठी योग्य असलेली सोबत मधुमेहाच्या प्रश्नासाठी योग्य असेलच असं नाही.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गायब होते, पण हातावर हात ठेवून बसले नव्हते. ६-एमपीचा तक्ता रात्री दोन वाजता हाताने पूर्ण केला, ०.४४८ आलं तेव्हा शेजारच्या सिस्टरना दाखवलं. त्यांना काडीचाही रस नव्हता.

२९ पैकी १७ जणांचा फोनवर पत्ता लागला. त्यातले ६ जण गेले होते. म्हणजे बाह्यरुग्णांची शंका खरी होती. आता १४० रुग्ण, ४४ मृत्यू, चार चल. शून्य दिवस म्हणजे पहिलं डायलिसिस. फिस्टुला झालेले विरुद्ध न झालेले असा कॅप्लान-मायर काढला. रेषा पहिल्या महिन्यापासून फाकतात आणि फाकतच जातात. कॉक्समध्येही फिस्टुला जोरदार. आता तरी बरोबर ना?

शेषवर्ग

एक प्रश्न. फिस्टुला कधी झाला?

रात्रपाळी

कोणाचा महिन्याभरात, कोणाचा सहा महिन्यांनी. करूनही तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे जातातच. का?

शेषवर्ग

ज्याचा फिस्टुला सहाव्या महिन्यात झाला, तो पहिल्या सहा महिन्यांत मरू शकत होता का?

मेला असता तर तो 'न झालेले' या गटात गेला असता. म्हणजे तुमच्या 'झालेले' गटात शिरायची अटच ही, की आधी जगून दाखवा. ते सहा महिने त्या गटासाठी अमरपट्ट्याचे. तुम्ही ते फिस्टुलाच्या खात्यावर जमा केलेत. पहिल्या महिन्यातच रेषा का फाकल्या याचं उत्तर इथे आहे. तेव्हा तर बहुतेकांचा फिस्टुला झालेलाही नव्हता!

हा फार जुना चकवा आहे. ऑस्कर मिळालेले नट न मिळालेल्यांपेक्षा ३.९ वर्षं जास्त जगतात असं २००१ मध्ये छापून आलं होतं. पण ऑस्कर मिळेपर्यंत जगावं लागतंच की. २००६ मध्ये तीच माहिती काळ नीट वाटून पुन्हा तपासली, तेव्हा फरक वर्षभराच्या आसपास आला आणि तोही योगायोगाच्या कक्षेत.

दोन वाटा आहेत. सोपी वाट लँडमार्कची: समजा ९० वा दिवस ठरवला. त्या दिवशी जिवंत आणि नजरेखाली असलेलेच घ्या, त्या दिवशी कोणाचा फिस्टुला झालेला आहे ते पाहून गट पाडा, आणि मोजणी तिथून सुरू करा. आधी गेलेले यात येत नाहीत, ते स्पष्ट लिहा. दुसरी वाट काळानुसार बदलणाऱ्या चलाची: एका रुग्णाच्या दोन ओळी. ० ते ११० दिवस कॅथेटर, ११० ते ६०० फिस्टुला. सोडतीच्या दिवशी तो ज्या अवस्थेत असेल त्याच चिठ्ठीवर नाव.

एवढं करूनही एक गाठ उरेल. ज्यांची तब्येत आणि शिरा बऱ्या, त्यांचाच फिस्टुला करायचं सर्जन ठरवतात. ही गाठ काळ वाटून सुटत नाही. थोडीफार सुटली तर वय, मधुमेह, अल्ब्युमिन यांनी सुटेल.

बाह्यरुग्ण

म्हणजे आमच्या घराण्यात नातवाच्या लग्नात नाचलेले सगळे आजोबा दीर्घायुषी निघाले, तसंच हे. नाचण्याचा गुण म्हणायचा!

खडूफळा

बाह्यरुग्ण, हे उदाहरण मी पुढच्या वर्षी वर्गात वापरणार. परवानगी गृहीत धरते.

रात्रपाळी

दोन दिवस तोंड लपवून बसले होते. आता लँडमार्क करून पाहिलं. फरक उरला आहे, पण आधीच्या मानाने फारच बारीक, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल १ (म्हणजे 'फरक नाही') ओलांडून पलीकडे जातो. गाईडना दाखवलं. ते म्हणाले, "हे छाप." मला वाटलं होतं रागावतील.

एक शेवटचं. ७ जणांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं. त्यांना सेन्सॉर केलं तर चालेल?

शेषवर्ग

प्रश्न कोणता त्यावर आहे. 'डायलिसिसवर असतानाचा मृत्यूदर फिस्टुलाने बदलतो का' असं विचारत असाल तर कॉक्समध्ये ट्रान्सप्लांटच्या दिवशी सेन्सॉर करा, आणि तसं लिहा. 'दोन वर्षांत किती जण डायलिसिसवर असताना दगावतील' असं विचारत असाल तर नको. कॅप्लान-मायर तेव्हा मृत्यूचा आकडा फुगवून सांगेल, कारण ट्रान्सप्लांट झालेला माणूसही जणू डायलिसिसवरच आहे आणि इतरांसारखाच मरणार आहे असं तो धरतो. तिथे क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्स (ट्रान्सप्लांट ही वेगळी वाट धरून मृत्यूंचं साचत गेलेलं प्रमाण) काढा. त्यावरचं रिग्रेशन फाइन आणि ग्रे यांचं, १९९९ चं. ७ जणांसाठी त्या वाटेला जाऊ नका, तक्ता पुरे.

दोन ओळींची पद्धत करून पाहिलीत का? लँडमार्कपेक्षा ती तुमची माहिती जास्त वापरेल.

रात्रपाळी

तिथेच घोडं अडलंय. ९० व्या दिवसाचं डायलिसिस रजिस्टरवरून कळलं, कोण कॅथेटरवर आणि कोण फिस्टुलावर. पण दोन ओळींसाठी नेमकी तारीख हवी, आणि मास्टर चार्टमध्ये मी 'फिस्टुला: हो/नाही' एवढाच रकाना ठेवला होता. आता रेकॉर्ड रूममध्ये एकेक फाईल काढतेय. ८३ पैकी ५२ झाल्या. चारमध्ये ऑपरेशनची नोंदच नाही, आणि एकात तारीख आहे ती रुग्णाच्या पहिल्या डायलिसिसच्या आधीची.

शेषवर्ग

ती शेवटची चूक नसेल कदाचित. डायलिसिस लागणार हे आधी कळलं की फिस्टुला आधीच करून ठेवतात. वापरायला कधी काढला ते पाहा, त्याची पहिली ओळच फिस्टुलाची असेल.

रात्रपाळी

अरे हो! बघते.